‘खरे धनी’ या दोन शब्दांपाशी जीभ अडते

मावशी, सलाम.

मी मूळची नगरची. लग्नानंतर इथे आले त्याला सोळा वर्षं झाली. फिलाडेल्फियापासून गाडीने तासाभरावर आमचं गाव. गेल्या वर्षी आम्ही दोघं या देशाचे नागरिक झालो. घराजवळच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जातो. माणसं फार मायेची आहेत. धाकट्याच्या वेळी मी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा महिनाभर त्यांच्याच घरून डबे आले. यंदा ४ जुलैला देशाला अडीचशे वर्षं होतात आणि ५ तारखेच्या रविवारी विशेष उपासना आहे. नवी नागरिक म्हणून देशासाठीची प्रार्थना मी करावी, असं पाळकसाहेबांनी सुचवलं. मला भरून आलं. मग समितीने लिहिलेला कागद हातात पडला. त्यात एक ओळ आहे: हे राष्ट्र तू ख्रिस्ती लोकांच्या हातून ख्रिस्ती लोकांसाठी उभं केलंस, ते त्याच्या खऱ्या धन्यांच्या हाती परत दे.

मावशी, शाळेत असताना मला ‘उपरी’ म्हणून चिडवायचे. आमच्या पाच पिढ्या नगरच्याच मातीत विसावल्या आहेत, तरी. आता इथे मी त्याच वाक्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहणार. नवरा म्हणतो, पाच ओळी आहेत, वाच आणि मोकळी हो. किती केलंय त्यांनी आपल्यासाठी! भाचा म्हणतो, देश स्थापणारे सगळे नास्तिक होते, प्रार्थना वगैरे मागाहून चिकटवलंय. मुलांच्या गाण्यात मराठी मंडळातल्या माझ्या मैत्रिणीचा मुलगा आहे. ती आणि तिचे सासू-सासरे ऐकायला येणार. आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने कागद वाचून विचारलं, “आई, खरे धनी म्हणजे कोण? त्यात ते येतात का?”

मी वाचू की नको? नाही म्हटलं तर कृतघ्न ठरेन का?

एक बहीण, पेन्सिल्व्हेनिया

*

अगं, मावशी म्हणालीस म्हणून तुला एकेरीतच लिहिते. सलाम.

ती ओळ वाचू नकोस. पण त्या रविवारी पुढे उभी राहून देशासाठी प्रार्थना मात्र नक्की कर. तुझ्या पत्रात या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात, आणि गुंता सुटेना म्हणून तू दोन्ही एकदम टाकून द्यायला निघाली आहेस असं मला वाटलं. तसं होऊ नये म्हणून जरा लांबलचक लिहिते आहे.

आधी भाच्याचं. त्याचं म्हणणं खरं नाही, आणि त्याच्या आधारावर तू पाळकांकडे गेलीस तर तोंडघशी पडशील. या देशाच्या जन्मापाशी प्रार्थना होती, आणि ती मनापासून केलेली होती. सप्टेंबर १७७४ मध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी तुझ्या घरापासून तासाभरावर, फिलाडेल्फियातल्या कारपेंटर्स हॉलमध्ये जमले. सुतारांच्या संघाची ती इमारत अजून उभी आहे. इंग्लंडच्या राजाशी कसं वागायचं, हे ठरवायला ही माणसं पहिल्यांदाच एकत्र येत होती. कुणीतरी सुचवलं, प्रार्थनेने सुरुवात करू. त्याला न्यूयॉर्कच्या जॉन जे यांनी आणि दक्षिण कॅरोलायनाच्या रटलेज यांनी हरकत घेतली. देव मानत नव्हते म्हणून नव्हे. त्यांचं म्हणणं होतं, आपल्यात कुणी अँग्लिकन, कुणी क्वेकर, कुणी प्रेस्बिटेरियन, कुणी काँग्रिगेशनल. एकाच प्रार्थनेत सगळे सामील कसे होणार? आज तुला हे सगळे ‘ख्रिस्तीच की’ वाटतील. त्या काळी यांच्यातल्या काहींच्या वाडवडिलांनी एकमेकांना तुरुंगात घातलं होतं.

तेव्हा बॉस्टनचे सॅम्युअल ॲडम्स उभे राहिले. कडक प्युरिटन घराण्यातला माणूस. ज्या राजाच्या चर्चला कंटाळून त्यांचे पूर्वज समुद्र ओलांडून आले होते, त्याच चर्चच्या एका पाळकाचं, जेकब दुशे यांचं, नाव त्यांनी पुढे केलं. म्हणाले, मी काही कट्टर नाही. भक्तिमान, सदाचारी आणि देशाचा मित्र असलेल्या कुणाचीही प्रार्थना मी ऐकू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, ७ सप्टेंबरला, दुशे आले आणि त्यांच्या प्रार्थनापुस्तकात त्या दिवसासाठी नेमलेलं ३५ वं स्तोत्र त्यांनी वाचलं. बॉस्टनवर तोफा डागल्याची अफवा नुकतीच पोचली होती. आणि स्तोत्र काय, तर परमेश्वरा, माझ्याशी लढणाऱ्यांशी तू लढ! सभेतले दुसरे एक प्रतिनिधी, जॉन ॲडम्स यांनी नंतर बायकोला पत्रात लिहिलं की, त्या सकाळी वाचलं जावं म्हणून स्वर्गानेच हे स्तोत्र नेमून ठेवलं होतं असं वाटलं. त्यानंतर दुशे यांनी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना केली. कुणालाही अपेक्षा नव्हती.

मला या प्रसंगात सगळ्यात मोलाचं वाटतं ते सॅम्युअल ॲडम्स यांचं बोलणं. त्यांनी ‘ही सभा आमच्या पंथाची’ असं म्हटलं नाही. दुसऱ्याची प्रार्थना ऐकायची तयारी दाखवली. आणि त्याआधी जॉन जे आणि रटलेज यांनी हरकत घेतली, तर कुणी त्यांना देशद्रोही ठरवलं नाही. सगळ्यांना सामील होता येईल का, हा प्रश्न या देशाच्या पहिल्या प्रार्थनेच्याही आधी विचारला गेला. तू तोच विचारते आहेस. तो विचारण्याने तू परकी ठरत नाहीस.

दुशे यांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १७७७ मध्ये इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतलं, तेव्हा त्यांना अटक झाली. त्यानंतर त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून विनवलं की, स्वातंत्र्याची घोषणा मागे घ्यायला लावा. वॉशिंग्टन यांनी पत्र प्रतिनिधींच्या सभेकडे पाठवून दिलं, आणि दुशे इंग्लंडला निघून गेले. बऱ्याच वर्षांनी, १७९२ मध्ये, थकून परत आले. मला त्या माणसाची कीव येते. घाबरलेला माणूस होता. पण त्यांनी केलेली प्रार्थना त्यामुळे खोटी होत नाही, आणि देशही त्यांच्या एकट्याच्या प्रार्थनेवर उभा नव्हता, हेही त्यातून दिसतं.

आता पाळकांच्या समितीचं. ‘ख्रिस्ती लोकांच्या हातून’ हे बऱ्याच अंशी खरं आहे. ते लोक बहुतेक प्रॉटेस्टंट घरांतले होते. मॅसॅच्युसेट्समध्ये तर चर्चसाठी कर भरायची पद्धत १८३३ पर्यंत चालू होती. स्वातंत्र्याच्या घोषणेत ‘निसर्गाचा देव’ आहे, ‘निर्माणकर्ता’ आहे. घोषणा लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या मसुद्यात ‘जगाचा सर्वोच्च न्यायाधीश’ आणि देवाच्या संरक्षणावरचा भरवसा हे शब्द सभेने नंतर घातले. ख्रिस्ताचं नाव मात्र त्यात नाही. आणि ‘ख्रिस्ती लोकांसाठी’ हा दुसरा तुकडा तर कागदपत्रांत कुठेच टिकत नाही. १७८७ च्या राज्यघटनेत, शेवटी तारीख लिहिताना येणारं ‘आपल्या प्रभूचं वर्ष’ सोडलं तर देवाचा उल्लेखच नाही. आणि सहाव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की, सरकारी पदासाठी कुणाच्या धर्माची कसोटी कधीही लावली जाणार नाही. ती घटना घडत असताना, २८ जूनला, एक्याऐंशी वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी रोज सकाळी प्रार्थना करू या असं सुचवलं. सूचना मताला न टाकताच सभा उठली. आपल्याकडेही संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली होती. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. दोन्हीकडच्या सभागृहांत देवभक्त भरपूर होते.

तुझी लेक शाळेत रोज झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणत असेल. त्यातले ‘देवाच्या छायेखाली’ या अर्थाचे शब्द १९५४ मध्ये घातले गेले. मूळ प्रतिज्ञा १८९२ ची, आणि ती लिहिणारे फ्रान्सिस बेलामी बाप्टिस्ट पाळक होते! पाळक असूनही त्यांनी तिथे देवाचं नाव घातलं नव्हतं. आणि ती म्हणायची सक्ती कुठल्याही मुलावर करता येत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्येच ठरवून दिलं आहे. मुलीला हे माहीत असू दे.

आता बाप्टिस्ट हा शब्द आलाच आहे, तर तुझ्या हाती असलेली सगळ्यात मोठी गोष्ट सांगते. पाळकांकडे जाताना भाच्याचे मुद्दे घेऊन जाऊ नकोस. त्यांचे स्वतःचे पूर्वज घेऊन जा.

स्वातंत्र्याच्या आधी व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे सरकारी चर्च होतं. बाप्टिस्ट उपदेशकांना परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून तुरुंगात टाकत. त्यांतले काही तुरुंगाच्या गजांआडून उपदेश करत, आणि लोक खिडकीखाली उभे राहून ऐकत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तरुण जेम्स मॅडिसन यांनी हे जवळून पाहिलं आणि १७७४ च्या जानेवारीत मित्राला चिडून पत्र लिहिलं. पुढे १७८४ मध्ये पॅट्रिक हेन्री यांनी तिथल्या विधानसभेत विधेयक आणलं की, ख्रिस्ती धर्म शिकवणाऱ्यांसाठी सगळ्यांकडून कर घ्यावा. त्यात बाप्टिस्टांनाही पैसे मिळाले असते. तरी त्यांनी विरोधात अर्ज केले. सरकारचा हात चर्चला लागला की चर्च बाटतं, असा त्यांचा अनुभव होता. विधेयक बारगळलं, आणि १७८६ मध्ये जेफरसन यांनी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा तिथे मंजूर झाला.

मग जॉन लीलंड. हा माणूस मला फार आवडतो. बाप्टिस्ट उपदेशक, व्हर्जिनियात मॅडिसन यांच्या बाजूने उभा राहिलेला, नंतर मॅसॅच्युसेट्सच्या चेशर गावात गेलेला. तिथल्या बायाबापड्यांनी आपापल्या गाईंचं दूध घालून साडेपाचशे किलोहून जड असं एक चीज बनवलं, आणि लीलंड ते घेऊन १ जानेवारी १८०२ ला राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या दारात गेले. त्याच दिवशी जेफरसन यांनी कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना ते प्रसिद्ध पत्र पाठवलं, ज्यात चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख आहे. आणि दोनच दिवसांनी, रविवारी, संसदेच्या सभागृहात झालेल्या उपासनेत लीलंड यांचा उपदेश ऐकायला जेफरसन हजर होते. भिंतीचं पत्र आणि उपासना, एकाच आठवड्यात! त्या लोकांना यात विसंगती वाटली नाही. श्रद्धा असावी, ती मोकळेपणी बोलावी, पण तिच्या जोरावर देशाचा सातबारा आपल्या नावे करू नये, इतकं त्यांना स्पष्ट होतं. तुझे पाळक बाप्टिस्ट असतील तर ही नावं त्यांना ठाऊक असणारच. आठवण करून द्यायला कुणीतरी लागतं, एवढंच.

आणि अगं, आपणही कुठून आलो ते बघ. नगरला १८३१ मध्ये जे मिशन आलं, ते याच देशातल्या न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांचं. त्याआधी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईला उतरले, तेव्हा ख्रिस्ती म्हणवणाऱ्या कंपनी सरकारनेच त्यांना परत पाठवायचा हुकूम काढला होता. सरकारच्या कृपेने आपल्यापर्यंत सुवार्ता आली नाही. ती आली, रुजली, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या तोंडून अभंग होऊन बाहेर पडली. टिळकांना ख्रिस्ती होण्यासाठी भारताचं प्रेम सोडावं लागलं नाही, की देशभक्त राहण्यासाठी देश ख्रिस्ती ठरवावा लागला नाही.

आता त्या दोन शब्दांकडे येते. ‘खरे धनी’.

फिलाडेल्फियात ती तडा गेलेली घंटा तू पाहिली असशील. पेन्सिल्व्हेनियाच्या विधानसभेने ती १७५१ मध्ये मागवली आणि तिच्यावर पवित्र शास्त्रातलं एक वचन कोरून घेतलं. लेवीय, अध्याय २५, ओवी १०: देशातल्या सर्व रहिवाशांना मुक्तता जाहीर करा. सर्व रहिवाशांना. पन्नासाव्या वर्षी गुलाम सुटतील, गहाण जमिनी परत मिळतील, असा तो योबेल वर्षाचा नियम. पुढे १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी तेच वचन पाहून या घंटेला ‘स्वातंत्र्याची घंटा’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे या देशाच्या सगळ्यात लाडक्या वस्तूवर आपल्या शास्त्रातलं वाक्य आहे, हे समितीने अभिमानाने सांगावं. मीही सांगते.

पण तोच अध्याय पुढे वाच. तेरा ओव्या खाली, २३ व्या ओवीत परमेश्वर इस्राएल लोकांना सांगतो की, जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे. तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात.

शाळेत तुला टोचलेला शब्द बघ कुठे आहे. देवाने तो आपल्या निवडलेल्या लोकांना लावला आहे. त्यांच्या स्वतःच्या वचनदत्त देशात, त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर. मग देवापुढे उभं राहून ‘हा देश खऱ्या धन्यांना दे’ असं कोण म्हणू शकेल? धन्यांचा हिशेब माणसांपासून करायचा ठरला, तर तुझ्या गावात तो तिथल्या मूळ रहिवाशांपासून, लेनापी लोकांपासून सुरू करावा लागेल. मुलीला उत्तर दे की, बाळ, खरा धनी एकच आहे आणि बाकी आपण सगळे उपरे आहोत. तू, मी, पाळकसाहेब, आणि पुढच्या बाकावर बसलेल्या त्या आजीसुद्धा.

माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक होते. १९७२ सालची गोष्ट, मी दहा वर्षांची होते. १५ ऑगस्ट, स्वातंत्र्याची पंचविशी, आणि रानात कुसळ नाही. चावडीपुढे झेंडावंदन झालं. सरपंच गळ्यात तुळशीची माळ घातलेले वारकरी. ते वडिलांना म्हणाले, पाळकसाहेब, पावसासाठी तुम्हीबी दोन शब्द बोला. वडिलांनी आधी सगळ्यांकडे पाहून विचारलं, “मी माझ्या प्रभूच्या नावाने मागेन, चालेल का?” लोक हो म्हणाले. मग त्यांनी पहिल्यांदा क्षमा मागितली. गावात पाणी होतं तेव्हा आम्ही काही घरांना विहिरीला हात लावू दिला नाही, त्याची क्षमा. ‘त्यांनी’ असं म्हणाले नाहीत, ‘आम्ही’ म्हणाले, खरं तर विहिरीपासून हाकललेल्यांत आमचंच घर होतं. मग म्हणाले, आम्हाला पाणी दे. त्या ‘आम्हाला’मध्ये ज्याच्या हातात रिकामी घागर होती तो प्रत्येकजण होता. वडिलांनी आमेन म्हटलं, आणि मागून कुणीतरी ‘रामकृष्णहरी’ म्हटलं. वडिलांच्या चेहऱ्यावरचं हसू मला आजही दिसतं. पाऊस त्या वर्षी आला नाही. पण देशासाठी प्रार्थना म्हटलं की मला ती आठवते.

तुझी उपासना ५ जुलैला आहे, या तारखेचाही विचार कर. १८५२ च्या ५ जुलैला रॉचेस्टरमध्ये फ्रेडरिक डग्लस बोलायला उभे राहिले होते. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला, पळून सुटलेला माणूस. त्यांना स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला बोलावलं, आणि त्यांनी विचारलं की, गुलामाला तुमच्या ४ जुलैचं काय? त्यांनी १३७ वं स्तोत्र आठवून दिलं: बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांना म्हणतात, गा तुमच्या सियोनेचं गाणं; परक्या भूमीत आम्ही परमेश्वराचं गीत कसं गावं? गुलामगिरीला शास्त्राचा आधार देणाऱ्या चर्चवर ते कडाडून बरसले, आणि स्वातंत्र्याच्या घोषणेतली तत्त्वं मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवली. तेरा वर्षांनी, यादवी युद्ध संपत आलं असताना, लिंकन आपल्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात म्हणाले की, दोन्ही बाजू तेच शास्त्र वाचतात, त्याच देवाची प्रार्थना करतात, आणि एकमेकांविरुद्ध त्याची मदत मागतात. देशाच्या प्रमुखाने, जिंकत असताना, देव आपल्याच बाजूला आहे असं म्हटलं नाही. मला वाटतं ख्रिस्ती माणसाने देशासाठी कशी प्रार्थना करावी, हे या दोघांकडून शिकावं. लूकच्या शुभवर्तमानातला परूशी आणि जकातदार तुला पाठ असतील. एक स्वतःच्या चांगुलपणाचे पाढे वाचत होता, दुसरा क्षमा मागत होता, आणि दोघंही मंदिरातच उभे होते.

कृतघ्नतेचं विचारलंस. ज्यांनी महिनाभर डबे पोचवले, त्यांच्याशी खोटं न बोलणं हीच कृतज्ञता आहे, बाई. मनाला न पटलेलं वाक्य तू त्यांच्यापुढे देवाला उद्देशून म्हणालीस, तर त्यांना तू परकंच मानलंस असं होईल. घरच्या माणसाला आपण सांगतो, हे मला जमणार नाही.

तेव्हा असं कर. समितीला फोनवर मेसेज टाकू नकोस, उपासनेनंतरच्या गर्दीतही बोलू नकोस. पाळकसाहेबांना आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी वेळ मागून एकटी भेटायला जा. नवऱ्याला बरोबर नेलंस तरी चालेल, पण बोलायचं तू. आधी डब्यांचे आभार मान. मग शाळेतल्या त्या ‘उपरी’ शब्दाची गोष्ट सांग. ती त्यांनी कधी ऐकली नसेल. मग लेवीयाचा २५ वा अध्याय त्यांच्यापुढे उघड आणि दोन्ही ओव्या त्यांनाच वाचायला लाव. आणि म्हण, मला माझ्या शब्दांत प्रार्थना करू द्या, कागद आधी तुम्हाला दाखवते. ते हो म्हणतील असं मला वाटतं. नाही म्हणाले, तर शांतपणे सांग की मग दुसरं कुणी प्रार्थना करो, मी बाकावर बसून जिथे आमेन म्हणता येईल तिथे म्हणेन. मंडळी सोडायची भाषा करू नकोस. एका ओळीसाठी तेवढं करायची वेळ आलेली नाही.

प्रार्थना आधी मराठीत लिही, मग इंग्रजी कर. मी तुझ्या जागी असते तर साधारण अशी लिहिली असती. हवं ते घे, हवं ते टाक:

हे परमेश्वरा, पृथ्वी आणि तिच्यातलं सर्व तुझं आहे. आम्ही तुझ्याकडे उपरे आहोत. ज्यांनी या भूमीवर आमच्याआधी चूल पेटवली, ज्यांना साखळदंडात इथे आणलं, जे भुकेपोटी आले आणि जे स्वप्न घेऊन आले, त्या सर्वांना तू ओळखतोस. या देशाने जे चांगलं दिलं त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. जे हिरावून घेतलं त्याची क्षमा मागतो. घंटेवर कोरलेलं तुझं वचन आमच्या कायद्यांत आणि आमच्या दारांतही खरं होऊ दे. जे सत्तेवर आहेत त्यांना न्यायाची भूक दे. जो शेजारी तुला दुसऱ्या नावाने हाक मारतो किंवा मारतच नाही, तो आमच्यामुळे भिऊन राहू नये. तू आम्हाला ज्या नगरात आणलंस त्याचं कल्याण आम्हाला करू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

शेवटचं नगराचं वाक्य यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातून घेतलंय. बाबेलात नेलेल्या लोकांना संदेष्ट्याने पत्र पाठवलं होतं: घरं बांधा, बागा लावा, त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, त्याच्या हितात तुमचं हित आहे. परदेशी स्थिरावलेल्या आपल्या माणसांसाठी याहून जवळचं वचन मला माहीत नाही. आणि येशूचं नाव गाळू नकोस. मैत्रीण येणार म्हणून ते लपवलंस तर तिलाही चोरट्यासारखं वाटेल. ती चर्चमध्ये येते आहे, तिथे कुणाचं नाव घेतलं जातं हे तिला ठाऊक आहे.

तिच्यासाठी एक गोष्ट ठेव. आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला १८८३ मध्ये निघाल्या, तेव्हा बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीर सांगितलं होतं की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कारपेंटर कुटुंबाने, ख्रिस्ती घराने, त्यांना लेकीसारखं ठेवून घेतलं. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली तो सोहळा बघायला त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई मुद्दाम समुद्र ओलांडून गेल्या होत्या, आणि रमाबाई तोवर ख्रिस्ती झाल्या होत्या. एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघी मराठी, तुझ्या घरापासून तासाभरावरच्या शहरात. आनंदीबाई गेल्यावर त्यांची रक्षा कारपेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली; ती अजून तिथे आहे. तुम्हा दोघींना मुलं घेऊन एकदा जाता येईल.

मैत्रिणीला मात्र आजच फोन कर. उपासना किती वाजता, मुलांचं गाणं आधी की नंतर, सासूबाईंना जिना चढावा लागेल का, हे सगळं सांग. आणि प्रार्थना तू करणार आहेस, हेही.

तुझी,
मावशी